वास्तव्याचा हेतू

वांद्र्याच्या कोर्टाबाहेर निळ्या ताडपत्रीखाली
माझं टेबल, चौतीस वर्षं.
बाकीच्यांनी कॉम्प्युटर घेतले. मी मशीनच ठेवलं.
नावात बदल, जन्मतारखेत बदल, हरवलेलं रेशन कार्ड,
'मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर कथन करते की'
एवढं बोटं झोपेतही मारतात.

निनाद, तुझंही मीच टाइप केलं.
त्या प्रांताचं नाव
एकेक अक्षर सुटं वाचत मारलं,
तरी दोन कागद वाया गेले.
कलम चार : अर्जदाराचा याच प्रांतात
कायम वास्तव्याचा हेतू आहे.
'कायम'पाशी फीत अडकली.
तू म्हणालास, आई, सगळेच लिहितात.

मग तुझे फोटो. बर्फ. धान्याची कोठारं.
नजर जाईल तिथवर एक माणूस नाही.
आणि तो वॉल्टर, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक,
उणे तीसमध्ये विमानतळावर उभा,
हातात मेलेल्या भावाचा कोट, तुझ्यासाठी.
त्यानंच सरकारला लिहून दिलं होतं :
हा मुलगा आमच्या गावाला हवा आहे.
इतकी वर्षं कागद टाइप करतेय,
असं कुणी कुणाबद्दल लिहून घेतलेलं
मला आठवत नाही.

काल रात्री तुझा फोन. इथे साडेअकरा, तिथे दुपार.
टोरंटोला चाललोय. पंधरा महिने झाले ना.
कार्ड आलंय, आता कायद्यानं कुणी अडवत नाही.
मग गप्प.
मग, वॉल्टरला अजून बोललो नाही.

काळाचौकीची आपली इमारत टेकूवर आली
तेव्हा तू पोटात होतास.
अकरा महिन्यांसाठी संक्रमण शिबीर, प्रतीक्षानगर.
हमीपत्र मीच टाइप केलं, याच मशीनवर :
इमारत उभी राहताच गाळा रिकामा करून देऊ.
दोन वर्षं पितळेचे डबे वर्तमानपत्रातून काढले नाहीत.
बाबा भिंतीला खिळा मारू देईनात.
परक्याची भिंत आहे, म्हणायचे,
कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला बांधलेलं.
पहिला खिळा मी मारला,
त्यांच्याच फोटोसाठी.

पावतीवर अजून 'तात्पुरते' छापून येतं.
तुझ्या कागदावर 'कायम' आहे.
दोन्हींवर शिक्का शिरगावकर वकिलांचा,
माझ्यावर बापाचा, तुझ्यावर मुलाचा.

लोक विचारतात, मॅडम, उद्या खोटं ठरलं तर?
मी सांगते, सही करताना खरं असलं की झालं.
दिवसा, टेबलावर, हे उत्तर चालतं.
रात्री दीडला मी उठून पाणी प्यायले
आणि स्वतःलाच विचारलं,
सही करताना तरी खरं होतं का रे?
तुला नाही विचारणार.

आज गिऱ्हाईक यायच्या आधी
साधा कागद चढवला, स्टॅम्प नसलेला.
माझं इंग्रजी प्रतिज्ञापत्राचं, दुसरं येत नाही.
मी खाली सही करणार, निनादची आई, वय साठ,
कथन करते की कोट मिळाला होता,
फोटोत पाहिला, खांद्यात बरोबर बसतो.
तो परत करायचा की ठेवायचा, कळवावे.
माफीचा मजकूर काही जमला नाही,
त्याचा नमुना माझ्या फायलीत नाही.

पण आधी तू सांग त्याला.
तोंडानं. दुकानात जाऊन, काउंटरच्या अलीकडे उभं राहून.
तोवर पत्र मी टाकणार नाही.

पाकीट मात्र तयार आहे.
मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता :
गाळा क्रमांक सतरा, दुसरा मजला,
संक्रमण शिबीर.