टोला

मानवतला पाथरी नाक्यावर
मुंजाजीचं वेल्डिंगचं दुकान.
उसाच्या ट्रॉल्या, धान्याच्या कोठ्या,
एखादं गेट, लग्नसराईत कपाटं.
त्याच्या डाव्या डोळ्यात फूल आहे.
पांढरं, निब्बर, ज्वारीच्या दाण्याएवढं.

नवं पोरगं, शिवलिंग, काल म्हणालं,
"मिस्त्री, चष्म्यात घाम येतो.
एवढंसंच तर घासायचंय."
मुंजाजीनं ग्राइंडर बंद केला.
स्वतःचा चष्मा काढून उजेडाला धरला.
"मोज."
काचेवर बारीक बारीक खड्डे,
काहींत अजून लोखंड रुतलेलं.
पोरगं त्रेचाळीसपर्यंत आलं, थांबलं.
"ह्यातला कोणता माझ्या उजव्याला
परवडला असता, सांग."

मी बाकावर होतो, चहा हातात.
कप खाली ठेवला नाही,
तोंडालाही लावला नाही.

डाव्याचं त्यानं कुणाला सांगितलंच नाही.
शाळेमागचं मैदान,
पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार,
बोरीच्या लाकडाची विटी,
दोन्ही टोकं मीच तासलेली.
टोलाही माझाच.
द्वारकाकाकूनं जिभेनं डोळा चाटून पाहिला,
कुसळ असतं तर निघालं असतं.
मग कुण्या बाळंतिणीचं दूध, मग मध,
परभणीची एसटी थेट चौथ्या दिवशी.
घरी तो म्हणाला, बाभळीचा काटा लागला.
आजही तेच म्हणतो.

बावन्न वर्षं झाली,
मी त्याच्या उजव्या बाजूलाच बसतो.

दिवस कलताना पोरं आली, लेदर बॉलवाली.
कीपरच्या हेल्मेटची जाळी तुटली होती.
मुंजाजीनं सळई वाकवली,
गजागजातलं अंतर बॉल ठेवूनच मोजलं,
तीनदा.
"पैसे, मिस्त्री?"
"खेळा," म्हणाला. "अन् हे डोक्यावर ठेवा,
बॅगेत नका ठेवू."

मग कांडी लावता लावता
माझ्याकडं न बघता बोलला,
"उघड्या डोळ्यानं कामून बघायला लेका?
रात्री वाळू भरल्यागत होईल,
बटाट्याच्या चकत्या ठेवत बसशील."
अन् खिळ्यावरची दुसरी काच पुढं केली.

काच लावली. दुकान विझलं.
कपाटं, पोरगं, रस्ता, सगळं गेलं,
राहिला एक हिरवा ठिपका, थरथरणारा.
तो विझल्यावर मी उठलो,
स्टूल उचलून
त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं.

त्यानं मान वळवली नाही.
"थोडा मागं सरक," म्हणाला,
"ठिणग्या तिकडंच उडतात."