करंगळी

सिस्टर कन्नडात विचारते, "ऊटा आतेन्री?"
आक्का मराठीत, "न्हाई बाई, उपाशीच आलोय,"
आणि करंगळी पुढं करते.
बाकीची बोटं विड्यांची.
दुखऱ्या बोटानं दोरा बसत नाही,
हजार भरत नाहीत.

घरी फ्रीज नाही.
इन्सुलिन मडक्यात, ओल्या वाळूत,
भिजवलेल्या पानांच्या गोणपाटाशेजारी.
सुईलाही तंबाखूचा वास.

महिना संपत आला की डोस अर्धा.
ती सांगत नाही,
मोरीतल्या मुंग्या सांगतात.
बोलायला गेले तर म्हणाली,
तुझ्या फीची तारीख बघ आधी.

काल संध्याकाळी तिनं चपला काढल्या.
डावीत खिळा, वर आलेला.
सकाळपासून तशीच निपाणीभर फिरली होती,
कारखाना, दवाखाना, बाजार.
रक्त आधी मला दिसलं.