तोंडाला तोंड

एकशे चाळीस बाह्या, आणि सगळ्या डाव्या.

मे संपत आलेला. मल्हारगंजातला आमचा पत्रा
संध्याकाळीही तडतडत होता.
कारागीर डबे उचलून निघाले तेव्हा
मी निळ्या चौकटीचं थान टेबलावर अंथरत होतो,
थरावर थर, सगळे एकाच तोंडाचे.
शिंप्याच्या पोरालाही ठाऊक असतं,
कापडाचं तोंड कापडाला लावायचं,
तेव्हा कुठे एका घावात
डावी-उजवी जोडीनं निघते.
पण मी मालक. पागनीस ड्रेसेस, अकरा मशिनी.
माप माझं, खडू माझा, कात्री माझी,
बटणांच्या डब्यालासुद्धा माझंच कुलूप.
रात्री एकपर्यंत कापत राहिलो.
डोळे मिटत होते, हात चालत होता.

सकाळी धापूबाईनं एक बाही उचलली,
मग दुसरी. एकीवर एक ठेवून बघितली.
"काल जाताना तू पाहिलं होतंस?"
"देखा था, भैया."
"मग?"
तिनं मशिनीच्या चाकावर हात ठेवला,
फिरवलं नाही.
"आप तो पूछते नहीं."

सतरा वर्षं ती माझ्याकडे कॉलर लावते.
सतरा वर्षांत मी तिला विचारलं ते एवढंच,
किती झाले,
आणि अजून का नाही झाले.

त्या दुपारी कात्री तिच्यापुढे ठेवली.
दहा इंची, वडलांची, मुठीला सुतळी गुंडाळलेली,
आत माझ्या अंगठ्याचा खळगा.
तिनं घेतली. कापड पात्यांत दुमडलं, चावलं गेलं.
पुन्हा तसंच.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
बघ, म्हटलं मनात, हे काय कुणाचंही काम आहे?
मग दिसलं,
ती कात्री डाव्या हातानं धरत होती.

हजेरीच्या वहीत तिची सही
सतरा वर्षं उलटी कलते आहे.

सियागंजात चार दुकानं फिरलो.
पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या बोहरीनं
वरच्या फळीवरून धुळीचा खोका काढला.
"डाव्या हाताची? तुमच्यासाठी?"
"नाही," म्हटलं, "आमच्या कटिंग मास्तरसाठी."
शब्द तोंडातून निघून गेला,
परत घेता येण्यासारखा नव्हता.
तिचा पगार मी रिक्षात बसल्यावर ठरवला.

सगळं सुरळीत झालं म्हणून सांगत नाही.
जीवनला शाळांची डिलिव्हरी दिली,
पहिल्याच दिवशी तो बिलबुक विसरून आला.
मी तीन फोन केले. चौथ्याला त्यानं उचललाच नाही,
आणि बरोबर केलं.
बटणांचं कुलूप काढलं, तर दोन दिवस
माझाच हात खिशात किल्ली शोधत होता.

आता चार वाजता मी कोपऱ्यावर चहाला बसतो.
काम नसलेला माणूस कसा बसतो, ते शिकतोय.
टेबलाखाली माझी दोन बोटं
आपोआप उघडतात, मिटतात.

आज फोन आला. "भैया, थान पाव मीटर कमी है.
जेब आडी निकाल लूं? चौकट नहीं मिलेगी."
उत्तर जिभेवर होतं, मापासकट.
चहाचा घोट घेतला, म्हणून ते आत गेलं.
"तेरे को क्या लगता है?" मी विचारलं.

पलीकडे नुसत्या मशिनी.
मला वाटलं, फोन कटला.
ती बहुतेक तो टेबलावर तसाच ठेवून वळली असावी,
कारण लांबून तिचा आवाज आला,
माझ्याशी नव्हे:
"नफीसा, इधर आ. तेरे को क्या लगता है?"

नफीसाचं उत्तर
मशिनींच्या आवाजात गेलं.