नुसती गोळी

माझं काम भाषांतराचं.
बेळगावात, रिसर्च वॉर्डामागच्या खोलीत,
जिथं उणे ऐंशीचा फ्रीझर रात्रंदिवस घुमतो
आणि वीज गेली की
कुणाच्याही आधी जनरेटरला जाग येते.

इंग्रजी संमतिपत्र मी मराठीत आणते.
मग दुसरं कुणीतरी, मूळ कागद न बघता,
ते पुन्हा इंग्रजीत नेतं.
गेलं होतं तेच परत आलं का,
हे टेबलावर दोन्ही पानं ठेवून बघायचं.
शेजारी मंजुळा तेच कन्नडमध्ये करते.
आमचे दोघींचे खोडरबर एकच.

डॉक्टर हिरेकोडींच्या लेखी भाषांतर वेगळं:
उंदराच्या गालात जे मऊ झालं
ते माणसाच्या गालात उतरवायचं.
सहा वर्षं झाली, अजून
पहिल्याच परिच्छेदात आहेत, असं तेच म्हणतात.

एका शब्दापाशी मी तीन दिवस अडले.
ज्या गोळीत औषध नाही, तिला काय म्हणायचं?
'खोटी' लिहिलं तर घेणार कोण?
'पोकळ' लिहिलं तर वाटेल, दाबली की फुटेल.
समितीनं 'औषधरहित' सुचवलं.
निपाणीत बायाक्का ढोणेंनी ते ऐकून घेतलं,
हातातली बिडी वळून पुरी केली, म्हणाल्या,
'म्हंजे नुस्ती.
कोरड्याशाबिगर भाकरी असती, तशी.'
मी समासात लिहून घेतलं.

तीस वर्षं तंबाखू मांडीवर, चिमूटभर गालात,
भुकेनं मधेच हाक मारू नये म्हणून.
आता तोंड उघडतं बावीस मिलिमीटर.
हे आमच्या पट्टीवर.
त्यांच्या पट्टीवर: चतकोर दुमडून जात नाही,
दुधात भिजवावा लागतो,
आणि जांभई आली की कानापाशी कळ.
फॉर्मात रकाना एकच होता. मी पहिलं लिहिलं.

अंगठा उमटला. रेषा उमटल्या नाहीत.
पानं कातरून कातरून
त्या कधीच्याच सपाट झालेल्या.
दुसरा अंगठा घेतला. तोही तसाच.

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात,
डबा मांडीवर, बस संकेश्वर सोडून हत्तरगीकडे.
कंडक्टर वाकून विचारतो, 'मीनु एनु, अक्का?'
मी म्हणते, 'हौदरी.'
मासळी म्हटलं की कुणी दचकत नाही,
फक्त शेजारची बाई जरा सरकून बसते.

अठरा महिन्यांनी पाकीट फुटलं.
कुणाला काय होतं ते कळलं.
'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.'
हिरेकोडी पडद्यापुढे बसून राहिले,
पंखा बंद केला, मग परत लावला.
'हे सगळ्यांना त्यांच्या भाषेत कळवा,' एवढंच म्हणाले.

लक्षणीय.
हा शब्द निपाणीला कसा न्यायचा
ते बसमध्ये ठरवत होते. डबा नव्हता,
मांडीवर हात तसेच रिकामे.

बायाक्का पत्र ऐकून गप्प.
मग, 'मला कुठली होती?'
यादीत बोट फिरवलं. 'नुसती.'
त्यांनी तोंड उघडलं, मला दाखवायला.
मी उगाच पट्टी काढली. सव्वीस.
'चतकोर जातोय आता दुमडून,' त्या म्हणाल्या.
'म्हंजे लागू पडली की.'

मी सरासरी समजावली.
चाळीस माणसांची गोष्ट एका माणसाची नसते, वगैरे.
त्या मान हलवत राहिल्या, जशी
लहान पोर गणित सांगताना हलवतात.

'मग आणखी दे की.
नुस्तीच दे.'

सातव्या पानावर मीच लिहिलंय,
मंजुळानं कन्नडमध्ये तेच:
कोणत्याही क्षणी आपण यातून बाहेर पडू शकता.
आत राहायचं असेल तर काय करायचं,
याची ओळ मुळातच नव्हती.

बायाक्का उत्तरासाठी थांबल्या नाहीत.
पंचवीस मोजल्या,
दोरा गुंडाळला,
जुडी सुपात टाकली.