चौदा फुटांची केबल

दसाराम नान्हे मोटर घेऊन आला
सायकलच्या कॅरिअरला बांधून, पंखा वर,
बाजारात कोंबडा नेतात तशी उलटी.
म्हणाला, मिस्तरी, हिचा कान पुढं पायजे.
डोलकाठीजवर.

मी लुनाचा माणूस, फार तर ट्रॅक्टरचा.
पाण्यावर चालणारं काही खोललं नव्हतं आजवर.
तरी डोंगा बघायला गेलो धरणावर.
शीड धानाच्या बियाण्याच्या फ्लेक्सचं,
त्यावर 'हमखास' तेवढं शाबूत.
वारा असला की शीड, पडला की मोटर;
पण मागं बसलेल्याला शीडापलीकडचं दिसत नाही,
आणि पलीकडे उभी आहेत बुडालेली मोहाची खोडं,
पाण्याखाली वीतभर, कुणाच्या तरी बांधावरची.

म्हणून आजवर तो पुढं उभा राहायचा,
भागरथाबाई मागं, मोटरीपाशी.
हात वर म्हणजे सोड. तळवा खाली म्हणजे हळू.
मूठ म्हणजे बंद.
नऊ वर्षं हेच यंत्र होतं,
त्याला ग्रीस लागत नव्हतं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
पोळ्याच्या आदल्या दिवशी मूठ तिला तळवा दिसली.
फळीवर अजून डांबर आहे तिथं.
शिबिराची तारीख दिवाळीनंतरची,
आणि बोदात, मरळ काही तारीख बघून पोहत नाहीत.

ट्रॅक्टरचा हँड अ‍ॅक्सिलेटर मिळाला भंगारात.
बंद करायला स्कूटीचं बटण.
गिअरला सळई लावली, कारण केबल नुसती ओढते,
ढकलत नाही;
हे मला माहीत होतं, तरी एक दुपार घालवली
तिच्याकडून ढकलून घेण्यात.
वळवायला दोन दोऱ्या, विहिरीच्या दोन कप्प्या.
केबल चौदा फूट, दोन क्लचच्या जोडून,
जोडावर पितळी बोंडी, ती मी स्वतः झाळली.

पहिल्या खेपेला मोटर डावीकडे वळवली
आणि ती आपोआप ओरडत सुटली.
केबल ताणली गेली होती.
दसाराम काही बोलला नाही. कपाळाचं पाणी पुसलं.
भागरथाबाई काठावरून म्हणाली,
"ढील ठेव ना गा थोडी. मान वळवाले जागा पायजे तिले."
माझ्या बावीस वर्षांच्या गॅरेजात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ढील ठेवली. एक मोठा वेढा, ढोराच्या दाव्यासारखा.

दुसऱ्या खेपेला तिघं बसलो.
वारा नव्हता, शीड गुंडाळलेलं.
पुढं दसाराम, त्याच्या गुडघ्याशी तो लाल दांडा.
आधी त्यानं हात वर केला.
मागं कुणी काही केलं नाही.
मग हात खाली आणला, स्वतःच दांडा ओढला,
नि डोंगा निघाला.
खोडं आली. त्यानं तळवा खाली केला,
मग दांडा.
प्रत्येक वेळी आधी तळवा, मग दांडा,
मध्ये एक श्वास जास्तीचा,
तेवढ्यात एक खोड अगदी जवळून गेलं.

मी म्हणालो, काका, हात कशाला?
तो म्हणाला, कोणता हात?

भागरथाबाई मागंच बसली होती, तिच्या जागेवर,
टोपली मांडीवर, एक हात मोटरीच्या झाकणावर,
ताप बघावा तसा.
उतरताना मला बाजूला घेऊन विचारलं,
"काढता येते ना हे मागून?"

मी रिव्हेट नेले होते पिशवीतून.
लावले नव्हते.
सगळीकडे नट, दहा नंबरचे.
पाना तिच्या हातात दिला.
तिनं तो बोटांनी चाचपून पाहिला, तोंड कुठलं, दांडा कुठला,
आणि टोपलीत टाकला, माशांखाली.