पत्त्याएवढी फट

हडर्सफील्डच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
सव्वानऊला मी अर्नल्ड अक्रॉइडांचा नवा गुडघा वाकवते.
सत्तर अंश. काल अडुसष्ट होते.
दात आवळून ते विचारतात,
"हे बिजागर बसवलंय कोणी? कुरकुरतंय."

पंचेचाळीस वर्षं त्यांनी दारं बसवली,
गिरण्यांची, चॅपेलांची, एका तुरुंगाचीसुद्धा.
इकडे सुताराला जॉइनर म्हणतात, म्हणजे सांधणारा.
मी म्हटलं, मग आपला धंदा एकच की.
"नाही पोरी. मी सांधून घरी जायचो.
तू सांधलेलं हलवत बसतेस."

दुखणं विसरावं म्हणून मी कोपऱ्यातला सांगाडा ओढून आणते.
वॉर्डाने त्याचं नाव नॉर्मन ठेवलंय, एक बरगडी हरवलीय.
हे बघा, खुब्यात उखळ,
आणि उखळात डोकं घातलेलं मांडीचं हाड,
जन्मभर घाव सोसायला तयार.
मानेत खुंटी, तिच्यावर 'नाही' फिरतं,
'हो' एक घर वर राहतं.
(आमचं ते दोन्हींच्या मधलं डुलणं
कुठल्या सांध्यात बसतं, पुस्तकात सापडलं नाही.)
मनगटात आठ खडे, एकमेकांवर सरकणारे.
अंगठ्याच्या मुळाशी खोगीर.

"आणि डव्हटेल?"
मी कवटी फिरवते.
ती नागमोडी शिवण बघून अक्रॉइड गप्प होतात,
तिच्यावरून बोट नेतात, परत आणतात.
"हे हाताने केलेलं काम आहे," म्हणतात.

माझी लेक इथंच झाली, खालच्या मजल्यावर, जानेवारीत.
आई फोनवर रोज विचारायची, टाळू भरलीस का?
बोटाखाली धडधडायची ती मऊ जागा,
हाडांचं अजून काही ठरलं नव्हतं.
दीड वर्षात दार लागलं.
तेलाची बाटली अजून फडताळात आहे,
थंडीने पांढरी, घट्ट.

परभणीला आप्पा संधी शिकवायचे.
विद्या अधिक आलय. दोन 'आ' भेटतात,
उरतो एक, आणि कुणाचा ते कुणी विचारत नाही.
जोडाक्षराला मात्र आधी पहिल्याचा पाय मोडायचा,
मगच ते पुढच्याला टेकतं.
मागच्या बाकावर मी खुदकन हसले होते,
छडी बसली.
आता रोज पाय मोडलेली अक्षरं येतात माझ्याकडे,
आणि पुष्कळांना पुढचं अक्षरच नसतं.
अक्रॉइडांच्या घरी चौदा पायऱ्या,
बायको मार्चमध्ये गेली.

आप्पा गेले तेव्हा मँचेस्टरचं विमान धुक्यात अडकलं.
खांदा द्यायला पोचले नाही.
पुढच्याच महिन्यात उजवा खांदा गोठला.
कारण माहीत नाही, असं आम्ही रुग्णांना सांगतो,
आणि ते खरं आहे.
वर्षभर वेणी डाव्या हाताने घातली.

पंचाहत्तर.
"बास," ते म्हणतात, "अजून घट्ट केलंस तर फुगून बसेल.
दाराला चारी बाजूंनी पत्त्याएवढी फट सोडायची.
नाहीतर ते दार नसतं, भिंत असते."

मी सांगते, हाडाला हाड लागत नाहीच मुळी,
लागलं म्हणून तर तुम्ही इथे आलात.
मध्ये कूर्चा असते, आणि चमचाभरसुद्धा नाही इतकं,
अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी,
त्याच्यावर अख्खा माणूस चालतो.

ते कुबड्या बगलेत घेतात. उठतात. थांबतात.
"कुठला पत्ता वापरायचात?" मी विचारते.
"चौकटची दुर्री. नेहमी तीच.
बायको म्हणायची, बावन्नातला एक नेलास, आता खेळायचं कसं?"

आणि दाराकडे निघतात,
चांगला पाय आधी टाकत,
जो मी आधी टाकू नका म्हणून
तीनदा सांगितलेला असतो.