सांधेवाला

रीगात रात्री दीड ते साडेचार ट्राम बंद असतात.
तेवढ्या वेळात आम्ही सांधे साफ करतो.
अडकलेला बर्फ, मीठ, बिअरच्या बाटल्यांची बुचं
सळईने उकरून काढतो.
अकरा वर्षं हेच काम. हात शहाणे आहेत माझे.
फक्त पावणेपाचला घरी पोचलं
की ऐकायचे नाहीत.

सारमिते आत झोपलेली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं.
फोनचा उजेड इतका बारीक करायचो
की माझा मलाच दिसावा.
एक उघडायचं, मग दुसरं, मग सतरावं.
बघत नव्हतोच मी. शोधत होतो,
आणि सापडलेलं हातातच शिळं व्हायचं.
कोपऱ्यावर पहिली ट्राम वळताना
चाकं किंचाळायची, तेव्हा कळायचं, उजाडलं.

वेल्टाबाईंनी मेंदूचं चित्रबित्र काढलं नाही.
म्हणाल्या, तुमच्या कामाचं सांगा.
सांगितलं: रोज गाडी जाते तो रूळ चकाकतो,
जात नाही तो गंजतो.
सांधा जिकडे पडलेला, चाक तिकडेच जाणार,
चालकाच्या मनात काही का असेना.
"मग माझ्याकडे कशाला आलात?" म्हणाल्या, आणि हसल्या.

मग सावकाश सांगितलं,
की डोपामिन म्हणजे सुख नव्हे,
सुखाच्या आधीची घंटा.
ती दिवसात शंभरदा वाजली
आणि गाडी आलीच नाही,
तर फलाटावरची माणसं
मान वर करायची थांबतात.

सारमिते बेकरीत कामाला आहे.
तिच्या केसांना राईच्या पावाचा वास येतो.
येतो, असं मला आठवत होतं.

पहिले नऊ दिवस नुसती खाज, कवटीच्या आतून.
मग त्याहून वाईट: काहीच नाही.
भूक नाही, वासना नाही, शिसारीसुद्धा नाही.
गोठलेल्या दौगावावर म्हातारे भोक पाडून
गळ टाकून बसतात ना,
तसा बसून होतो, बिनगळाचा.
असं होणार, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं.
सांगितलेलं कामाला येत नाही त्या वेळी.

बासष्टाव्या दिवशी पडलो.
कारण म्हणावं असं काही नव्हतं.
घर रिकामं, पावणेपाच,
आणि कोपऱ्यावर चाकांचं तेच किंचाळणं.
माझ्याआधी माझ्या अंगठ्याला कळलं होतं.

"गेले का बासष्ट दिवस पाण्यात?"
"एक गाडी चुकून जुन्या रुळावर गेली
म्हणून नवा रूळ उखडतो का, गुंतार्स?"
नाही उखडत.
हे मला त्यांच्याहून जास्त माहीत.

त्याच रात्री सारमितेला सगळं सांगितलं.
घंटा, फलाट, सांधा, सगळं.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली,
"आणि मी कुठे होते या तुझ्या स्टेशनात?"
तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून झोपली.
मेंदूचा खुलासा खरा असेलही,
तिच्या रात्री तो परत आणत नाही.

मार्च लागला. नदी रात्री कडकड वाजते.
फोन डेपोतल्या कपाटात ठेवून घरी येतो आता.
काल तिच्या कोटाचं बटण निघालं होतं,
मी शिवायला घेतलं.
सुई बोटात गेली. "दाखव," ती म्हणाली,
आणि बोट धरलं. दोन सेकंद असतील, फार तर.
पावाचा वास.
आत कुठेतरी, ओस फलाटावर,
कुणीतरी मान वर केली.

मग तिला उशीर होत होता, ती गेली.
दोरा अजून टेबलावरच आहे.